रोट मोजतात, गाणी कोण मोजतं?

श्रावण लागला की आपल्या साक्री तालुक्यात एकच विचारणं सुरू होतं : यंदा कानबाई कुणाकडे बसणार? नागपंचमीनंतरचा पहिला रविवार तिचा. त्याआधी घर धुऊन-सारवून होतं. कामाधंद्याला सुरत, नाशिक, पुण्याला गेलेली भाऊबंदकी गावी येते. रविवारी नारळाला डोळे, नाक, नथ, दागिने चढवून कानबाईची स्थापना होते. रात्रभर जागरण, गाणी, फुगड्या. सोमवारी सकाळी तिला डोक्यावर घेऊन नदीवर न्यायचं. साक्रीत कान नदी, पिंपळनेरला पांझरा. एवढाच तिचा मुक्काम, पण वर्षभर पुरतो.

या सणात एक मोजमाप आहे. पुष्कळ घरांत रोटासाठी दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेतात. मुलगा झाला की गहू वाढतात. मुलगी झाली की तेवढेच राहतात. ते गहू निवडतो आपण, दळतो आपण, रोट भाजतोही आपणच. म्हणजे रोट ही घरातल्या पुरुषांची नोंदवही झाली. मग बायकांची नोंद कुठे?

आम्हाला वाटतं, ती जागरणाच्या गाण्यांत आहे. बागलाणातून आलेली सून तिकडची चाल घेऊन येते, नंदुरबारकडची तिकडचे शब्द. सासू आपलं गाणं सुनेला देते, सून आपल्या माहेरचं त्यात मिसळते. कोणत्या घरात कुठून लेकी आल्या, हे गाण्यावरून कळतं.

कागदावर मात्र हे फारसं आलं नाही. 1906 साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. आपला भाग पश्चिमेत गेला. पुढच्याच वर्षी ग्रिअर्सनसाहेबांच्या भाषा-पाहणीचा जो खंड निघाला, त्यात आपली अहिराणी 'खानदेशी' म्हणून नोंदली गेली. बोलींचा नमुना म्हणून त्या पाहणीत सगळीकडे एकच गोष्ट सांगून घेत : एक बाप आणि त्याचे दोन मुलगे. त्या गोष्टीतसुद्धा लेक नाही!

जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी आठवा. जन्म 1880. अक्षरओळख नव्हती, पण शेतात राबताना, जात्यावर दळताना गाणी सुचत. मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी ती लिहून ठेवली. 1951 साली बहिणाबाई गेल्या, 1952 साली पुस्तक निघालं. लिहून घेतलं तेवढं उरलं. जे लिहायचं राहिलं, ते त्यांच्याबरोबरच गेलं.

गाणी विसरण्यात आपला दोष नाही. गावात पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. हात सुटले, पाठ वाचली, हे चांगलंच झालं. पण जात्याबरोबर ओवीही थांबली. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी हे ओळखलं. त्यांनी आणि सोबतच्या कार्यकर्त्यांनी पुणे जिल्ह्यात आणि इतरत्र गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या. त्यातली मोलाची गोष्ट अशी, की ओवीबरोबर गाणारणीचं नाव आणि गावही टिपलं.

कानबाईचं जागरण अजून थांबलेलं नाही. मात्र सोमवारच्या मिरवणुकीत डीजे लागला की म्हाताऱ्या गाणारणी गप्प होतात. नाचायला डीजे हवा, तर असू द्या. पण रविवारची रात्र तरी गळ्यासाठी ठेवू या.

आणि बचत गटाच्या मैत्रिणींनो, हिशेबाची वही आपल्याला नवी नाही. यंदा तशीच एक वही जागरणात घेऊन बसा. शिकलेल्या नातीला लिहायला सांगा, मोबाईलवर आवाज भरून घ्या. गाण्याखाली दोन गोष्टी विसरू नका : गाणारणीचं नाव आणि तिच्या माहेरचं गाव.

रोट कसे मोजायचे, ते ज्याच्या त्याच्या घरी ठरू दे. ही वही आपली. हिच्यात प्रत्येकीची सव्वा मूठ पडली पाहिजे.