जुन्या व्हिडिओ खेळांची चित्रविद्या

सातारा जिल्ह्यांतील मेढा हें गांव इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहे तें जावळीमुळें. १६५६ सालीं शिवाजीमहाराजांनीं चंद्रराव मोऱ्यांकडून जी जावळी घेतली, त्या मुलखाचें मेढा हें आजचें तालुक्याचें ठाणें. वेण्णेच्या खोऱ्यांतील शेती पोटास पुरी पडत नसल्यानें येथील पुष्कळ कुटुंबांनीं मुंबईची वाट धरली. कोणी गिरणींत गेले, कोणी माथाडी झाले. मुंबईची नवी वस्तु अशा मुलखांत पोंचे ती बहुधा मे महिन्याच्या सुटींत, गांवीं परतणाऱ्यांच्या सामानांतून. १९९० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रांतील लहानमोठ्या गांवांत अशाच वाटेनें जें एक खेळयंत्र शिरलें, त्यास मुलें नुसतें ‘व्हिडिओ गेम’ म्हणत.

ती पिढी आज चाळिशीस आली असून त्या यंत्राच्या आठवणीनें हळवी होते. ही ओढ केवळ गेलेल्या बालपणाची, असें म्हणून सोडून देणें योग्य नव्हे. त्या चौकोनी चित्रांमागें एक स्वतंत्र विद्या होती, आणि ती समजून घेतल्यावांचून त्यांचें जतन होणें कठीण आहे.

या यंत्रांचा मूळपुरुष जपानांतील. क्योतो येथील निंटेंडो कंपनीनें १५ जुलै १९८३ रोजीं ‘फॅमिली कॉम्प्युटर’ विक्रीस आणला. त्याचे रचनाकार मासायुकी उएमुरा (१९४३-२०२१). माहिती सांठविणाऱ्या चिप त्या काळीं फार महाग होत्या. पडद्यावर आडवे २५६ व उभे २४० बिंदु, म्हणजे एकूण ६१,४४०. चारच रंग धरून प्रत्येक बिंदूची नोंद ठेवावी म्हटलें तरी १५,३६० बाइट लागले असते. चित्रासाठीं यंत्रांत जागा होती अवघ्या २,०४८ बाइटांची. तेव्हां गवंड्याचा मार्ग योजण्यांत आला. आठ बिंदु लांब व आठ बिंदु रुंद अशा ठराविक फरशा कॅसेटींत भरलेल्या असत. कोणती फरशी कोठें बसवावयाची, एवढेंच यंत्र लक्षांत ठेवी. ९६० फरशांचा सबंध पडदा, रंगांच्या यादीसह, १,०२४ बाइटांत मावे. हलणाऱ्या आकृति निराळ्या. त्या पडद्यावर ६४ असूं शकत, पण एका आडव्या रेषेंत आठच दिसत; नववी नाहींशी होई. म्हणून खेळ रचणारे पाळीपाळीनें एकेक आकृति लपवीत, आणि गर्दींत पात्रें लुकलुकत. मुलांस तो यंत्राचा बिघाड वाटे. वस्तुतः ती काटकसरीची तोड होती.

अशा काटकसरींतूनच कला निपजली. मारिओ हें पात्र प्रथम १९८१ च्या ‘डाँकी काँग’ खेळांत आलें. इतक्या थोड्या बिंदूंत तोंड रेखाटणें अशक्य, म्हणून शिगेरु मियामोतो यांनीं त्यास मिशा दिल्या. केस दाखविणें कठीण, म्हणून टोपी घातली. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा सबंध खेळ ४०,९६० बाइटांत बसविलेला आहे. त्यांतील ढग आणि झुडपें एकाच आकाराचीं आहेत. पांढरा रंग दिला कीं ढग, हिरवा दिला कीं झुडूप.

आपल्याकडे जीं यंत्रें आलीं, त्यांतील बरींचशीं तैवान, हाँगकाँग व चीन येथें परवान्यावांचून झालेल्या नकला होत्या. त्यांनीं सामान्य घरांतील मुलांस हा खेळ दिला, हें त्यांचें ऋण खरें. परंतु हानिही झाली. पोथी उतरणारा मूळ ग्रंथकाराचें नांव राखी आणि शेवटीं आपलें नांव, शक व तिथि नोंदवी. या नकलाकारांनीं पुष्कळदां मूळ कर्त्यांचीं नांवेंच पडद्यावरून पुसलीं, आणि कॅसेटीवर हजारों खेळांचा आंकडा छापून आंत मोजकेच खेळ फिरून फिरून भरले. मारिओ घरोघर पोंचला. मियामोतो व उएमुरा पोंचले नाहींत.

दुसरी हानि कांचेच्या नळीच्या टीव्हीबरोबर झाली. त्यांत इलेक्ट्रॉनांचा झोत एकेक रेषा आंखीत जाई, शेजारचे बिंदु किंचित् एकमेकांत मिसळत, आणि फरशांच्या कडा मऊ होत. सपाट पडद्यावर तींच चित्रें नुसते ठोकळे दिसतात. १९८४ च्या ‘डक हंट’ खेळांतील बंदूक तर तेथें चालतच नाहीं. घोडा ओढतांच पडदा क्षणभर काळा होई, मग पक्ष्याच्या जागीं पांढरा चौकोन उमटे, आणि बंदुकींतील प्रकाशग्राहक तो टिपी. हा सारा हिशेब त्या झोताच्या वेळेवर बांधलेला होता.

कॅसेट चालेना कीं मुलें तिच्यांत फुंकर मारीत. खेळ सुरू होई तो फुंकरीनें नव्हे, तर कॅसेट काढून पुन्हां नीट बसविल्यानें; फुंकरींतील ओलाव्यानें उलट तिच्या धातूच्या पट्ट्या गंजत. नुसत्या प्रेमानें वस्तु टिकत नाहीं, याचें हें लहानसें उदाहरण होय. माळ्यावरचें यंत्र, त्याच्या कॅसेटी आणि कांचेचा जुना टीव्ही हीं तिन्ही एकत्र राखलीं, व त्यांजजवळ खऱ्या कर्त्यांचीं नांवें लिहून ठेवलीं, तरच पुढील पिढीस तीं चित्रें जशीं होतीं तशीं दिसतील.