ढवळाढवळ

मी आयुष्यात कुणाच्याही कामात ढवळाढवळ केलेली नाही. हे वाक्य मी चारचौघांत उच्चारलं की आमची ही काही बोलत नाही, फक्त स्वयंपाकघरात एखादं पातेलं जरा जोरात ठेवते. पस्तीस वर्षं शाळेत मास्तरकी केलेल्या माणसाला पातेल्याची भाषा कळते. पण या दिवाळीत माझ्यावर खरोखरच ढवळण्याची वेळ आली, आणि त्या निमित्तानं या विषयाचा सगळा इतिहासच वर आला.

झालं असं, की सुट्टीला पुण्याहून नातू आला. येताना त्यानं प्लॅस्टिकच्या एका लढाऊ विमानाचे सुटे भाग आणले होते. ते जोडून झाले. मग अंगठ्याएवढ्या सहा डब्या निघाल्या, त्यांत रंग. पहिली डबी उघडली तर वर पिवळट तेल आणि खाली पिठल्याची खरवड. नातवानं आत डोकावलं आणि म्हणाला, "आजोबा, हे ढवळायला बॅटरीवरचं यंत्र मिळतं. मागवू का?"

किंमत ऐकली आणि मी खुर्चीत सावरून बसलो. तेवढ्या पैशांत आमच्या वेळी ढवळणारा माणूस महिनाभर घरी जेवून राहिला असता!

"अरे," मी म्हणालो, "आपल्या जिल्ह्यात दोन हजार वर्षं लोक ढवळत आलेत. एकाजवळही बॅटरी नव्हती."

नातवानं माझ्याकडं पाहिलं. मास्तर सुरू झाला, हे मुलांना लगेच कळतं. पण मी थांबलो नाही.

रंग खाली का बसतो, इथून सुरुवात केली. रंग म्हणजे तेलात किंवा पाण्यात विरघळलेली वस्तू, असा आपला समज असतो. तो खोटा आहे. साखर विरघळते, रंग विरघळत नाही. तो नुसता तरंगत असतो, आणि संधी मिळताच खाली जातो. आपला शेंदूरच घ्या. पाण्याच्या आठपटीहून जड! मारुतीला लावायला तेलात कालवून ठेवला आणि भटजींनी जरा गप्पा मारल्या, की वाटीच्या तळाशी जाऊन बसलाच. (शेंदरात शिसं असतं. मारुतीला चालतं, नातवाच्या हाती देऊ नये.) स्टोक्स नावाच्या केंब्रिजच्या एका गणितज्ञानं १८५१ साली या बसण्याचं सूत्रच मांडून ठेवलं. कण दुप्पट मोठा असला तर चौपट वेगानं बसतो, आणि द्रव पातळ असला तर आणखी लवकर. म्हणजे रंग ढवळत नाही म्हणून त्यात आधीच टर्पेंटाइन ओतणारा माणूस आपल्या हातानं शत्रूला वाट करून देतो. ही चूक मी स्वतः अनेकदा केलेली आहे, म्हणून अधिकारानं सांगतो.

हे सूत्र साहेबाला १८५१ साली कळलं, पण आमच्या तेरच्या कुंभारांना त्याच्या कितीतरी आधी हातानं ठाऊक होतं. तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या व्यापारी मार्गदर्शिकेत त्याचं नाव आहे: पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून गाड्या भरभरून कापड भडोचच्या बंदराकडं जायचं. त्या सातवाहन काळातल्या तेरच्या चिकणमातीच्या बाहुल्या तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात आजही बघायला मिळतात. काही तर पांढऱ्या केओलिन मातीच्या, पुढचा एक साचा आणि मागचा एक साचा घेऊन केलेल्या. प्लॅस्टिकचं विमान दोन अर्ध्यांत येतं, याचं नातवाला फार कौतुक होतं. मी म्हटलं, "तेरला हे सातवाहनांच्या वेळी चालू होतं बाळा. फक्त डब्यात सूचनापत्रिका नसायची."

आणि कुंभाराची गंमत अशी, की रंगाऱ्याला ज्याचा राग तेच त्याला हवं असतं. तो माती पाण्यात कालवतो आणि स्वस्थ बसतो. खडे आणि वाळू आधी तळाशी जातात, वरची लोण्यासारखी माती तो अलगद काढून घेतो. नियम तोच. एकाचं काम निवळण्यानं होतं, दुसऱ्याचं ढवळण्यानं.

तेरचं नाव घेतलं आणि गोरोबाकाकांची आठवण काढली नाही, तर आमच्या भागात पाप लागतं. पायानं माती तुडवता तुडवता विठ्ठलाच्या नामात ते इतके बुडाले, की रांगत आलेलं पोर चिखलात सापडलं तरी कळलं नाही, ही कथा प्रत्येकाला ठाऊक आहे. लहानपणी ती ऐकून मी आठवडाभर चिखलात पाय घातला नव्हता. पण दुसरी कथा मला अधिक आवडते. संतांचा मेळा जमला आणि गोरोबांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलं, की कुठलं मडकं पक्कं आणि कुठलं कच्चं. नामदेव रागावले आणि कच्चे ठरले. मास्तरकी करताना मी बरीच वर्षं हीच पद्धत वापरली. नंतर सरकारनं ती बंद केली.

असो. रंगाकडं येतो.

जुन्या लोकांनी ढवळण्यावर फारसा भर दिलाच नाही. त्यांचा भर घोटण्यावर. अजिंठ्याच्या भिंतींवरचे गेरू, पिवळी माती, काजळी हे रंग आधी बारीक करावे लागत. कण जितका बारीक तितका तो सावकाश बसणार, हे त्यामागचं साधं शहाणपण. पुढं मुंबईच्या दांडेकरांनी १९३१ साली 'हॉर्स ब्रँड' शाईच्या पुड्या आणि गोळ्या काढल्या. त्याच घराण्याचे कॅम्लिनचे रंग आम्ही चित्रकलेच्या परीक्षांना वापरले. पुडीच्या शाईत गुठळ्या राहिल्या, की निब अडायची आणि शुद्धलेखनात नसलेले अनुस्वार उमटायचे. परीक्षकांनी त्यांतल्या काहींना गुण दिल्याचंही मला आठवतं.

त्यानंतर एशियन पेंट्सचा गट्टू आला. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी काढलेलं ते खोडकर पोर रंगाचा डबा घेऊन दुकानादुकानांच्या पाटीवर उभं असायचं. डबा होता, ब्रश होता. ढवळायची काडी मात्र लक्ष्मण यांनी त्याला दिली नाही. ती ज्याची त्यानं शोधायची, असा बहुधा संकेत असावा.

आम्ही ती शोधली. काडेपेटीची काडी वापरून पाहिली. ती आखूड, बोटांसकट रंगते. खराट्याची काडी लवचीक, पण गाळापुढं वाकते. लिंबाच्या दातवणाचं चावलेलं टोक उत्तम, फक्त दुसऱ्या दिवशी कुठलं दातवण कशाचं हे लक्षात ठेवावं लागतं. सायकलची तार टोकाशी वाकवली की गुठळी फोडायला तिच्यासारखं हत्यार नाही. सायकलच्याच बेअरिंगमधले दोन छर्रे बाटलीत टाकून हलवायचे, ही युक्ती आमच्या गल्लीतल्या सायकलदुकानदाराची. अमेरिकेत एडवर्ड सेमूर यांनी १९४९ साली फवाऱ्याचा रंगडबा काढला. तसल्या डब्यात जी गोळी खुळखुळते ती हेच काम करते. मात्र पाण्याच्या रंगात लोखंडी छर्रे गंजतात आणि पांढऱ्याचा बदामी होतो. तिथं काचेचे मणी घालावेत. घरातलं कुणाचं तरी मंगळसूत्र तुटेपर्यंत वाट बघू नये.

पण या सगळ्यांपेक्षा मोठी गोष्ट मला शिकवली ती अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी.

आमच्या दावणीला एक जोडी होती. नावं ठरलेलीच, ढवळ्या आणि पवळ्या. १९७२ साली पाऊस आला नाही. तेरणेच्या पात्रात आम्ही पोरं गोट्या खेळायला लागलो. घरात लाल मिलो आला, शाळेत सुकडी आली, आई खडी फोडायच्या कामावर जाऊ लागली. कडबा संपला. ७३ च्या उन्हाळ्यात अण्णा एका पहाटे जोडी घेऊन बाजाराला गेले आणि संध्याकाळी नुसता कासरा आणि पराणी घेऊन परत आले. कुणी काही विचारलं नाही. त्यानंतर ते गोठ्यात पाऊल टाकीनात.

आणि त्या वर्षी पाऊस मात्र झाला. चांगला झाला. श्रावण संपत आला, अमावास्येला पोळा. गावात ज्यांची जनावरं वाचली होती त्यांच्याकडं झुली निघाल्या. आमची आजी कुंभाराकडून दोन मातीचे बैल घेऊन आली आणि माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "रंगव. पूजा चुकवायची न्हाई."

अंगाला चुना लावला, गेरूचे ठिपके दिले. शिंगं राहिली. गोठ्याच्या कोनाड्यात शिंगं रंगवायच्या तांबड्या रंगाचा जुना डबा होता. झाकण उचकटलं तर वर साय, सायीखाली तेल आणि तेलाखाली दगड. मी काडी फिरवली, मोडली. दुसरी घेतली, तीही मोडली. दहा वर्षांचं पोर मी, रडकुंडीला आलो. तेवढ्यात दारात सावली पडली.

"काय करलालास रं?"

मी डबा दाखवला. अण्णा आत आले. चार महिन्यांत पहिल्यांदा. रिकाम्या दावणीकडं त्यांनी पाहिलं नाही. भिंतीला टेकवलेली पराणी उचलली, तिची आर काढली, आणि काठी गुडघ्यावर ठेवून मोडली. वीतभर तुकडा हातात ठेवला. मग खाली बसले. सुरीनं साय अख्खी काढली, वरचं तेल एका करवंटीत ओतून घेतलं, आणि उरलेला गाळ त्या तुकड्यानं सावकाश चेचायला लागले. गाळ सुटला तसं करवंटीतलं तेल थोडं थोडं परत घालत गेले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग म्हणाले, "वरवर फिरवून रंग सुटत नसतोय. तळापसनं काढावं लागतंय."

हळूहळू डब्यातून तो तांबडा रंग वर आला. पोळ्याच्या मिरवणुकीत ढवळ्याच्या शिंगांना असायचा, तसाच. अण्णांनी ब्रश माझ्या हातात दिला नाही. दोन्ही बैलांची चारही शिंगं त्यांनी स्वतः रंगवली. मग हात पुसायला म्हणून परसात गेले आणि बऱ्याच वेळानं आले.

दुसऱ्या दिवशी बैल नदीत सोडले. माती विरघळली, तेलरंगाची शिंगं मात्र विरघळेनात. काठाशी उथळ पाण्यात चार तांबडी टोकं कितीतरी वेळ दिसत होती. आजी म्हणाली, "बघ, जायला तयार न्हाईत." दोन वर्षांनी नवी जोडी आली. त्यांची नावंही ढवळ्या-पवळ्याच ठेवली. अण्णांनी नवी पराणी मात्र केली नाही. त्यांचे बैल नुसत्या हाकेवर चालायचे.

तो वीतभर तुकडा अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, एक टोक तांबडं. आमच्या जिल्ह्याचं नाव २०२३ साली उस्मानाबादचं धाराशिव झालं, घराचे चुने निघाले, डिस्टेंपर आले. तुकडा आहे तसाच आहे.

मी तो मोठ्या रुबाबात नातवापुढं धरला. त्यानं डबीच्या तोंडाशी लावून पाहिला. "आजोबा, मावत नाही."

मावत नव्हताच. चार शिंगांच्या डब्याची काठी ती, अंगठ्याएवढ्या डबीत कशी जाणार? शेवटी देवघरातली जळालेली उदबत्तीची काडी आणली. तेल वाटीत काढलं, गाळ चेचला, तेल परत घातलं. दहा मिनिटांत करडा रंग साईसारखा झाला. खर्च शून्य. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही आधीच काडी द्यायची ना! तेर कशाला?"

मी उत्तर देणार, इतक्यात आतून हाक आली, "अहो, इतिहास झाला असेल तर जरा आमटी ढवळा. खाली लागायला लागलीय."

मी उठलो. आमटी तळापासून ढवळली.