विषाचा सांचा

इ. स. १९६० मध्यें इंग्लंडांत टर्की पक्ष्यांचीं एक लाखावर पिलें कांहीं महिन्यांत मरून गेलीं. रोगजंतु सांपडेनात. अखेर दोष ठरला तो ब्राझिलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीचा. तींत अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नांवाच्या बुरशीनें विष कालविलें होतें. बुरशीच्या नांवावरूनच त्यास अफ्लाटॉक्सिन म्हणूं लागले.

श्रोतेहो, ही दूरदेशींच्या पांखरांची कथा म्हणून सोडून देतां येत नाहीं. १९७४ च्या अखेरीस राजस्थान-गुजराथच्या सीमेवरील बांसवाडा व पंचमहाल जिल्ह्यांत आदिवासी खेड्यांतून कावीळ पसरली. आधीं कुत्रीं आजारी पडलीं, मग माणसें, शंभरावर दगावलीं. अवकाळी पावसानें भिजलेला मका त्यांच्या पोटांत गेला होता. घरांत दुसरा दाणा नसतां तो टाकावा तरी कसा?

कायद्यानें घातलेली मर्यादा किलोग्रॅममागें कांहीं मायक्रोग्रॅम इतकी सूक्ष्म असते. एवढेंसें विष नेमकें ओळखून धरणारीं प्रतिद्रव्यें प्राण्यांपासून मिळवितां येतात. पण तीं उष्णतेनें व द्रावकांनीं बिघडतात. कृत्रिम प्रतिद्रव्याची कल्पना निघाली ती एका चुकीच्या सिद्धान्तांतून, हें मला या इतिहासांत मोठें मौजेचें वाटतें. परकीय रेणूभोंवतीं प्रथिन सांच्यासारखें घडतें, असें १९४० मध्यें लायनस पॉलिंग यांनीं मांडलें. शरीरांत तसें घडत नाहीं, हें पुढें सिद्ध झालें. परंतु १९४९ मध्यें कॅलिफोर्नियांत डिकी यांनीं मेथिल ऑरेंज हा रंग घालून सिलिकेचें जेल केलें व रंग धुऊन काढला, तों त्या जेलनें पुन्हां तोच रंग त्याच्या भाऊबंदांहून अधिक ओढून घेतला! मोदकाच्या सांच्यांत करंजी बसावयाची नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. १९७२ मध्यें जर्मनींत वुल्फ यांनीं सिलिकेऐवजीं सेंद्रिय पॉलिमर घेतले. १९९३ मध्यें स्वीडनमधील मोसबाख यांच्या मंडळींनीं अशाच पॉलिमरनें रक्तद्रवांतील औषधें मोजून दाखविलीं.

अफ्लाटॉक्सिनच्या वेळीं मात्र पंचाईत झाली. त्याच्याभोंवतीं पॉलिमर घडवून विष कितीही धुतलें, तरी थोडें आंत राहतें व परीक्षेच्या वेळीं झिरपतें. निर्दोष धान्यही मग दोषी ठरावयाचें. म्हणून संशोधकांनीं तोतया शोधला. डायमेथॉक्सिकूमारिन हा रेणु विषाच्या एका अंगाशीं जुळतो; तो झिरपला तरी मोजणींत त्याचा व विषाचा घोटाळा होत नाहीं. त्यानें सोडलेल्या पोकळींत खरें विष येऊन अडकतें. दळलेल्या धान्याचा अर्क या पॉलिमरच्या कणांतून गाळला म्हणजे तेल व रंग धुऊन जातात. मागें राहिलेलें विष निराळ्या द्रावकानें सोडवून मोजतात.

परीक्षकाची अडचण येथेंही संपत नाहीं. बुरशी पोत्यांत सारखी पसरलेली नसते. थोडक्याच दाण्यांत विष साठलेलें असतें, आणि नमुन्याच्या मुठींत नेमके तेच आले नाहींत, तर पॉलिमरपुढें चांगलेंच धान्य जातें.