निकाल ठरलेला, कुस्ती नाही

१९७४ साली ‘टोकियो स्पोर्ट्स’ या जपानी सायंदैनिकानं व्यावसायिक कुस्तीसाठी वार्षिक पुरस्कार सुरू केले. वर्षातला सर्वोत्तम मल्ल कोण, हा त्यातला एक. दुसरा मात्र खेळांच्या दुनियेत सहसा न आढळणारा होता: वर्षातली सर्वोत्तम लढत. हा मान जिंकणाऱ्याचा नव्हता, दोघांचा होता. हरलेला मल्लही त्याचा तितकाच मानकरी. पहिल्या वर्षी तो मिळाला अंतोनिओ इनोकी विरुद्ध स्ट्राँग कोबायाशी या लढतीला. १९ मार्च रोजी टोकियोतल्या कुरामाए कोकुगिकान या सुमोच्या सभागृहात ती झाली होती.

तिचा शेवट आजही सांगितला जातो. इनोकीनं मागून कंबरेला कव घातली, आपल्याहून जड असलेल्या कोबायाशीला उचललं आणि स्वतः पाठीमागे कमान टाकत त्याला खांद्यांवर आपटलं. तो झोक इतका होता की इनोकीचे दोन्ही पाय क्षणभर जमिनीवरून सुटले आणि दोघांचा भार त्याच्या एकट्याच्या मानेवर आला. पाय पुन्हा टेकले, रेफरीनं तीन मोजले, लढत संपली. जपानी चाहते या लढतीची आठवण काढतात तेव्हा कोण जिंकलं हे मागाहून येतं. आधी येतात ते अधांतरी सुटलेले पाय.

या कुस्तीचे निकाल आधी ठरलेले असतात. आपल्याकडे नुरा कुस्ती म्हटलं की विषयच संपतो: फड बदनाम, पैलवान बदनाम. जपानात मात्र तिथून पुढेच लिहिणाऱ्यांचं काम सुरू झालं. कोण जिंकणार हे ठरलेलं असेल, तर दोन माणसं तिथवर कशी पोचतात, कुठे धाप लागते, कोणता डाव कधी राखून ठेवतात, जुनं वैर नव्या लढतीत कसं डोकावतं, हे सगळं पारखायला मोकळं राहतं. त्या पारखीची तिथे एक परंपराच उभी राहिली आणि तिनं रिंगणातली कुस्तीही बदलली.

ही कुस्ती जपानात रुजवली रिकिदोझान यानं. जन्मानं कोरियन, मूळ नाव किम सिन-राक, सुमोमध्ये सेकिवाके या वरून तिसऱ्या दर्जापर्यंत चढलेला. १९५० साली त्यानं सुमो सोडला आणि पुढच्या वर्षी अमेरिकी मल्ल बॉबी ब्रन्सशी पहिली व्यावसायिक लढत केली. १९ फेब्रुवारी १९५४ रोजी मासाहिको किमुरा या नामांकित ज्यूदोपटूला जोडीला घेऊन तो शार्प बंधूंशी लढला, तेव्हा जपानात टीव्ही सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. घरोघरी संच नव्हते. चौकांत आणि स्टेशनांबाहेर लावलेल्या सार्वजनिक संचांपुढे लोक दाटीवाटीनं उभे राहिले. युद्ध हरल्याला दहा वर्षंही झाली नव्हती, आणि पडद्यावर एक माणूस धिप्पाड गोऱ्या मल्लांना आडव्या हाताच्या फटक्यांनी लोळवत होता. तो कोरियन आहे हे त्या गर्दीला ठाऊक नव्हतं; ते लपवून ठेवलेलं होतं.



सुरुवातीला मोठी वृत्तपत्रं या लढतींच्या बातम्या इतर खेळांसारख्याच छापत. त्याला तडा गेला २२ डिसेंबर १९५४ रोजी. त्या दिवशी रिकिदोझान आणि किमुरा एकमेकांसमोर आले. मध्येच रिकिदोझाननं खरोखरीचे फटके मारायला सुरुवात केली आणि किमुरा रक्तबंबाळ होऊन पडला. लढत बरोबरीत सोडवायचं ठरलं होतं, असं किमुरानं नंतर सांगितलं. ठरलेलं असतं हे कळलं, आणि ठरलेलं मोडलं की काय होतं हेही दिसलं. प्रतिष्ठित वृत्तपत्रांनी हळूहळू पाठ फिरवली. कुस्ती सायंदैनिकांकडे आणि खास मासिकांकडे गेली. तिचं नुकसान झालं असं तेव्हा वाटलं असेल. पण ज्यांना खरोखर बघायचं होतं, ती माणसं याच कमी प्रतिष्ठेच्या पानांवर भेटली.

१९६३ च्या डिसेंबरात रिकिदोझानला टोकियोच्या एका नाइटक्लबमध्ये सुऱ्यानं भोसकलं गेलं आणि आठवड्याभरात तो गेला. त्याच्या दोन शिष्यांनी १९७२ साली आपापल्या संघटना काढल्या: इनोकीची न्यू जपान आणि एकेकाळी बेसबॉलचा पिचर असलेल्या, दोन मीटरहून उंच जायंट बाबाची ऑल जपान. बाबाकडे अमेरिकेतले बडे मल्ल येत. इनोकीकडे आला कार्ल गॉच, बेल्जियममध्ये जन्मलेला आणि इंग्लंडच्या विगन गावी अंगावर काटा आणणारे पेच शिकलेला. तालमीच्या बाबतीत गॉचची भक्ती हिंदुस्थानी पद्धतीवर होती. सेतागाया भागातल्या नोगे इथल्या न्यू जपानच्या तालमीत नवशिक्या पोरांकडून शेकड्यांनी बैठका काढून घेतल्या जात आणि जपानी भाषेत त्यांना आजही हिंदू बैठकाच म्हणतात. कोल्हापूरच्या पैलवानाला तिथली पहाट परकी वाटली नसती.

परीक्षण किती चुकू शकतं, याचा धडा १९७६ सालचा आहे. २६ जूनला टोकियोच्या निप्पॉन बुदोकान सभागृहात इनोकी मुहम्मद अलीशी लढला. पंधरा फेऱ्यांतला बहुतेक वेळ तो पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा झाडत राहिला. सामना बरोबरीत सुटला. दुसऱ्या दिवशी जपानी वृत्तपत्रांनी त्याची खिल्ली उडवली, जगभर हसं झालं. अली मात्र सुजलेल्या पायांनिशी इस्पितळात गेला. पुढे मिश्र युद्धकलांचे सामने रूढ झाले, जमिनीवर पडलेला माणूसही लढत असतो हे प्रेक्षकांना समजू लागलं, आणि त्याच पंधरा फेऱ्या लोक नव्यानं, आदरानं पाहू लागले. लढत तीच होती. बघणाऱ्यांना ती समजायला वीसेक वर्षं लागली.

त्या टवाळीच्या वातावरणात १९८० साली तोमोमी मुरामात्सु या लेखकानं ‘मी पुरोरेसुच्या (व्यावसायिक कुस्तीच्या) बाजूचा’ अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहिलं आणि ते धडाक्यात खपलं. हे खरं की खोटं, या प्रश्नाशी तो अडून बसला नाही. ‘बेफिकिरीनं बघू नका’ हा त्याचा आग्रह. याच मुरामात्सुला दोन वर्षांनी नाओकी पारितोषिक मिळालं. चांगला गद्यकार कुस्तीवर मन लावून लिहू शकतो, हे वाचकांना आणि मागून येणाऱ्या पत्रकारांनाही दिसलं.

मग साप्ताहिकं आली. १९८३ साली ‘पुरोरेसु’ या मासिकाचं ‘शूकान पुरोरेसु’ हे साप्ताहिक झालं, पुढच्या वर्षी ‘गाँग’ही. १९८७ पासून ‘शूकान पुरोरेसु’चा संपादक असलेला टार्झन यामामोतो वार्ताहरांकडून डावांच्या याद्या मागत नसे. लढत बघून काय वाटलं, ते लिहा, हा त्याचा खाक्या. या लेखनाला ‘छापील कुस्ती’ म्हणू लागले. गावोगावचा वाचक लढत बघण्याआधी तिच्याबद्दल वाचे, आणि वाचून झाल्यावर त्याच्या मनात जी लढत उभी राहत असे ती कधी कधी प्रत्यक्षाहून मोठी असे. त्या लेखणीची धारही मोठी होती. १९९० साली एका चष्म्यांच्या कंपनीनं अमाप पैसा ओतून एसडब्ल्यूएस ही संघटना काढली, तेव्हा साप्ताहिकानं तिच्यावर पैशाच्या कुस्तीचा शिक्का मारला. तो पुसता पुसला गेला नाही आणि दोन वर्षांत संघटना मोडली.

पण या पानांचा खरा उपकार झाला तो छोट्या, स्वतंत्र संघटनांवर. त्यांना टीव्ही विचारत नव्हता. अत्सुशी ओनिता हा गुडघा निकामी झाल्यानं ऑल जपानमधून निवृत्त झालेला मल्ल. १९८९ साली त्यानं एफएमडब्ल्यू काढली. हाताशी पन्नास हजार येन होते, अशी कथा तेव्हापासून चालत आली आहे. ४ ऑगस्ट १९९० रोजी टोकियोच्या शिओदोमे भागातल्या मोकळ्या जागेवर तो टार्झन गोतोशी लढला. रिंगणाला दोर नव्हते, काटेरी तारा होत्या, आणि अंग लागलं की उडणारे सुरुंग त्यांना जोडलेले होते. वर्षअखेर ‘टोकियो स्पोर्ट्स’नं सर्वोत्तम लढतीचा पुरस्कार दिला तो याच लढतीला. मोठमोठ्या सभागृहांतल्या, टीव्हीवरच्या सगळ्या लढती मागे पडल्या. स्फोटांची ही कुस्ती ज्यांना पटत नाही त्यांची बाजू समजण्यासारखी आहे. पण एका वृत्तपत्रानं मोठ्या घराण्यांकडे न बघता रिंगणाकडे बघितलं, हेही तितकंच खरं. त्या निर्णयानंतर हातात भांडवल नसलेले कितीतरी मल्ल स्वतःचं दुकान मांडायला धजले.

ईशान्येकडच्या इवाते प्रांतातून ग्रेट सासुके या मुखवटेधारी मल्लानं १९९३ साली मिचिनोकु प्रो सुरू केली. राजधानी सोडून खेड्यापाड्यांतल्या व्यायामशाळांत फिरणारी ही संघटना. (पुढे सासुके मुखवट्यासकट प्रांताच्या विधिमंडळात निवडून गेला.) या सगळ्यांचं टोकियोतलं हक्काचं ठिकाण म्हणजे कोराकुएन हॉल: पाचव्या मजल्यावरचं, दोन हजारांच्या आत-बाहेर माणसं मावणारं सभागृह. तिथे आवडत्या मल्लाचं नाव पुकारलं की चाहते रंगीत कागदी फिती रिंगणात भिरकावतात. कुणाला लागू नये म्हणून गुंडाळीतलं पुठ्ठ्याचं नळकांडं आधी घरी काढून ठेवतात. फिती उलगडत हवेतून येतात, मल्लाच्या खांद्यांवर पडतात, आणि घंटा होण्याआधी शिकाऊ पोरं धावत येऊन त्या कवेत गोळा करून नेतात. पहिल्या रांगेतला वार्ताहर आणि शेवटच्या रांगेतला विद्यार्थी यांच्यात अंतर असं उरतच नाही.

२ एप्रिल १९९५ रोजी ‘शूकान पुरोरेसु’च्या प्रकाशकांनी टोकियो डोममध्ये तेरा संघटनांना एका रात्रीत, एका रिंगणावर आणलं. परीक्षण करणाऱ्यांनीच फड भरवला. इतकी ताकद फार काळ कुणाला मानवत नाही. पुढच्याच वर्षी न्यू जपाननं साप्ताहिकाच्या वार्ताहरांना दारं बंद केली, खप घसरला आणि यामामोतोला खुर्ची सोडावी लागली.

त्याच काळात ऑल जपानमध्ये जे घडत होतं ते या परंपरेचं शिखर. बाबानं रिंगणाबाहेर मोजणी, अपात्रता असले पळवाटीचे निकाल जवळपास बंद केले. लढत सुरू झाली की कुणाचे तरी खांदे टेकायचेच. ३ जून १९९४ रोजी बुदोकानमध्ये मित्सुहारू मिसावा आणि तोशिआकी कावादा भिडले. एकाच शाळेच्या कुस्तीसंघातले दोघे, कावादा एक वर्षानं मागे. पस्तीस मिनिटं पन्नास सेकंदांनी मिसावानं त्याचे दोन्ही हात मागून अडकवून त्याला मानेवर उतरवलं, तेव्हा लढत मिटली. वर्षभरानं, ९ जून १९९५ रोजी, जोड्यांच्या लढतीत कावादानं मिसावाचे खांदे पहिल्यांदा टेकवले. एका लढतीचा अर्थ मागच्या दहा लढतींत शोधायचा, ही सवय वाचकांना याच काळात लागली.

व्हिडिओ कॅसेटींवरून या लढती अमेरिकेत पोचल्या. जपान आणि अमेरिकेची टीव्हीची पद्धत एकच, एनटीएससी, त्यामुळे कॅसेट तिथल्या यंत्रात सरळ चालत असे. प्रतीवरून प्रत निघत जाई, चित्र पुसट होत जाई, तरी लोक बघत. डेव्ह मेल्टझर या पत्रकाराच्या ‘रेसलिंग ऑब्झर्व्हर’मध्ये लढतींना स्टार दिले जात, जास्तीत जास्त पाच. मिसावा-कावादाला पाच मिळाले. ४ जानेवारी २०१७ रोजी न्यू जपानच्या काझुचिका ओकादा आणि केनी ओमेगा यांच्या लढतीसाठी मेल्टझरनं सहा दिले, दीड वर्षानं याच दोघांना सात. शिडीला वरच्या पायऱ्या जोडल्या गेल्या.

दरम्यान २००१ च्या अखेरीला न्यू जपानचा जुना रेफरी मिस्टर ताकाहाशी यानं पुस्तक लिहून निकाल कसे ठरतात ते उघड सांगितलं. अनेक वाचक दुखावले. पण पारखीनं बघणाऱ्यांना त्यात नवं फारसं नव्हतं.

खरा प्रश्न वेगळाच होता आणि तो मानेचा होता. दरवर्षी मागच्या वर्षाहून भारी लढत हवी, तर मल्लानं कुठवर जायचं? १३ जून २००९ रोजी हिरोशिमात एका जोडीच्या लढतीत मिसावाला मागे उलटवून आपटण्यात आलं. हा डाव त्यानं आयुष्यात असंख्य वेळा झेलला होता. तो उठला नाही. मानेतला मज्जारज्जू दुखावून त्याच रात्री तो गेला. वय ४६. दोष प्रतिस्पर्ध्याचा नव्हता. वीस वर्षांचा मार त्या मानेत साठला होता, आणि ती वीस वर्षं लिहिणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनी त्याच लढतींना डोक्यावर घेतलं होतं. या हिशेबातून परीक्षकांना वेगळं काढता येत नाही.

९ एप्रिल २०१७ रोजी टोकियोतल्या रियोगोकु सभागृहात कात्सुयोरी शिबातानं ओकादाला डोक्यानं धडक दिली. हातानं झाकलेली, देखाव्याची नव्हे, कपाळावर कपाळ. रक्ताचा ओघळ नाकावरून खाली आला, तरी तो शेवटपर्यंत लढला, हरला, चालत आत गेला आणि कोसळला. मेंदूभोवती रक्त साकळलं होतं, तातडीनं शस्त्रक्रिया करावी लागली. लढतीला पाच स्टार मिळाले. पुढल्या वर्षी शिबाता लॉस एंजेलिसमध्ये न्यू जपानच्या तालमीत पोरांना शिकवू लागला. रिंगणात तो परतला २१ ऑक्टोबर २०२१ रोजी, बुदोकानमध्ये, झॅक सेबर ज्युनियरबरोबर. फटक्यांना मनाई, नुसती पकड आणि पेच, वेळ पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत निकाल लागला नाही.