शस्त्रक्रियेचा ताळेबंद

पेढीवाला वर्षअखेर जमाखर्च मांडतो. विद्यार्थ्याची वार्षिक परीक्षा होते. शस्त्रवैद्याच्या कामाची परीक्षा मात्र कोणीं व कोणत्या मापानें घ्यावयाची, हा प्रश्न विसाव्या शतकापूर्वीं फार थोड्यांनीं विचारला होता.

बोस्टनचे डॉ. अर्नेस्ट कॉडमन यांनीं तो उघडपणें विचारला. शस्त्रक्रियेनंतर प्रत्येक रोग्याचा दीर्घकाळ मागोवा घ्यावा आणि तो बरा झाला नसेल तर कारण नोंदवावें, एवढेंच त्यांचें म्हणणें. १९११ ते १९१६ या काळांतील स्वतःच्या रुग्णालयांतल्या ३३७ रोग्यांचा हिशेब त्यांनीं छापला व त्यांत १२३ चुकाही मांडल्या. समव्यवसायी मंडळींना हा रोखठोकपणा रुचला नाहीं.

ही परीक्षा किती कठीण, हें स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेच्या इतिहासांत उत्तम दिसतें. १९०९ सालीं बर्लिन येथें डॉ. वाल्टर काउश यांनीं वाट पाडली. १९३५ सालीं न्यूयॉर्कच्या डॉ. अॅलन व्हिपल यांनीं ती प्रशस्त केली. स्वादुपिंडाचा शिरोभाग व लहान आंतड्याचा आरंभ काढून उरलेले भाग पुन्हा जोडावयाचे. जोड सुटला कीं पाचक रस पाझरून रक्तवाहिन्याही कुरतडतो. मृत्यूंचें प्रमाण इतकें मोठें राहिलें कीं, १९७० सालीं डॉ. जॉर्ज क्राइल (धाकटे) यांनीं ही शस्त्रक्रिया सोडून पित्ताला केवळ नवी वाट करून द्यावी, असें सुचविलें.

मग मोजदादीनेंच मार्ग दाखविला. २००२ सालीं डॉ. जॉन बर्कमायर व सहकाऱ्यांनीं अमेरिकेंतील वृद्धांच्या सरकारी विम्याच्या नोंदी तपासल्या. ही शस्त्रक्रिया अगदीं क्वचित करणाऱ्या रुग्णालयांत शेकडा १६.३, तर सर्वांत अधिक करणाऱ्या रुग्णालयांत शेकडा ३.८ रोगी दगावत. हात बसलेला असणें म्हणजे काय, हें आंकड्यांनीं सिद्ध झालें.

परंतु मृत्यु हें एकच माप पुरेसें नव्हे. जोडांतून रस पाझरला असें केव्हां म्हणावें, याविषयींही एकवाक्यता नव्हती. जो तो आपल्या व्याख्येनें मोजी. २००५ सालीं अनेक देशांच्या शस्त्रवैद्यांनीं तिसऱ्या दिवसापासून निचऱ्याच्या द्रवांत अमायलेज रक्ताच्या तिपटीहून अधिक असणें, ही खूण ठरविली. २०१६ सालीं त्यांत दुरुस्ती झाली: रोग्यास त्रास नसेल तर तो दोष धरूं नये. २०२० सालीं डच शस्त्रवैद्यांनीं मृत्यु, पाझर, रक्तस्राव, गंभीर उपद्रव व पुनर्दाखला यांपैकीं कांहींही न घडल्यासच यश मानलें. तेव्हां शंभरांतील सुमारें साठच रोगी त्या कसोटीस उतरले.

येथें एक सावधगिरी हवी. अवघड रोगी परत धाडणारें रुग्णालय कागदावर उजळ दिसतें. म्हणून वय व दुखण्याची तीव्रता हिशेबांत धरावी लागते. शिवाय ही कसोटी रुग्णालयाच्या दाराशीं व पुढील थोड्या दिवसांशीं थांबते. रोगी पुढें किती काळ आणि कसा जगला, हा कॉडमन यांचा मूळ प्रश्न त्यापलीकडचा आहे. त्याचें उत्तर रोग्याच्या घरीं जाऊनच मिळतें.