‘केमिकल’ की ‘नैसर्गिक’? कुत्र्यावरच्या गोचिडी, शंभर वर्षांची औषधं आणि एक चुकलेला प्रश्न



पेट, नेट, सेट देऊन संशोधनाकडे वळणारे बरेच जण विचारतात, “विषय सापडलाय, पण प्रश्न कसा मांडायचा?” आज त्याचं उत्तर एका छोट्या इतिहासातून देते. सुरुवात मात्र माझ्या स्वतःच्या चुकीपासून.

दोन वर्षांपूर्वीचा पावसाळा. गावी आमचा बंड्या नावाचा गावठी कुत्रा आहे. त्याच्या कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी दिसायला लागल्या. बाबांचा फोन आला, “अगं, मानेवर टाकायचे थेंब मिळतात म्हणे. आणू का?” मी वसतिगृहात बसून ठामपणे सांगितलं, “नको बाबा, ते केमिकल असतं. करंजाचं तेल लावा, कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ घाला.” एमएस्सी झालेली मुलगी सांगतेय म्हटल्यावर बाबांनी ऐकलं. महिनाभरात बंड्याने खाणं सोडलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या आणि एका सकाळी नाकातून रक्त आलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर प्लेटलेट्स अगदी तळाला. गोचीड ताप. चार आठवडे डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या. बंड्या वाचला, पण त्या महिन्यात मी रोज रात्री एकच विचार करत होते, की मी दिलेल्या सल्ल्याला आधार काय होता? आधार एका शब्दाचा होता, ‘नैसर्गिक’. मग या शब्दाचा माग काढायचा ठरवलं.

फुलातून निघालेलं विष

एकोणिसाव्या शतकात युरोपात पिसवांवर ‘पर्शियन पावडर’ विकली जायची. ही शेवंतीच्या नात्यातल्या फुलांची वाळवून केलेली पूड. पुढे डाल्मेशियात, म्हणजे आजच्या क्रोएशियाच्या किनाऱ्यावर, याच नात्यातल्या पांढऱ्या फुलाची मोठी शेती झाली. यातलं नेमकं काय कीटकाला मारतं, हे श्टाउडिंगर आणि रुझिका या दोन रसायनशास्त्रज्ञांनी शोधलं आणि 1924 मध्ये प्रसिद्ध केलं. ते पायरेथ्रिन.

पायरेथ्रिनची अडचण अशी की ते उन्हात लवकर तुटतं. म्हणून इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संस्थेत मायकेल इलियट यांच्या गटाने त्याच रेणूच्या धर्तीवर उन्हात टिकणारा रेणू बनवला, 1973 मध्ये. तो पर्मेथ्रिन. आज कुत्र्यांच्या कित्येक औषधांत तो असतो. मांजराला मात्र तो घातक ठरतो, कारण मांजराच्या यकृताला असे पदार्थ मोडून बाहेर टाकणं नीट जमत नाही. घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील तर हे लक्षात ठेवाच.

आता सांगा, पर्मेथ्रिन ‘केमिकल’ की ‘नैसर्गिक’? रेणूची कल्पना फुलाची, बांधणी प्रयोगशाळेतली.

दुसरं उदाहरण तंबाखूचं. तंबाखूचं पाणी जनावरांच्या अंगावरच्या कीटकांवर पूर्वी सर्रास वापरलं जायचं. त्यातलं निकोटिन मज्जातंतूंच्या ज्या ग्राहींवर जाऊन बसतं, त्याच ग्राहींवर पिसवांच्या थेंबांमधलं इमिडाक्लोप्रिडही बसतं. फरक असा की इमिडाक्लोप्रिड कीटकांच्या ग्राहींना घट्ट चिकटतं, सस्तन प्राण्यांच्या ग्राहींना कमी. म्हणजे या एका बाबतीत प्रयोगशाळेतला रेणू कुत्र्यासाठी शुद्ध निकोटिनपेक्षा सौम्य आहे. तिसरं उदाहरण डेरिस नावाच्या वेलीच्या मुळांचं. त्यातलं रोटेनोन कुत्र्यांच्या पिसवांवर पूड म्हणून विकलं जायचं. आग्नेय आशियातले लोक तीच मुळं ठेचून पाण्यात टाकायचे, मासे मारायला. वस्तू शंभर टक्के नैसर्गिक, आणि माशांचा काळ.

आजीच्या कोपऱ्यातला डबा

मग ‘केमिकल’ या शब्दाची भीती आली कुठून? ती उगाच आलेली नाही.

डीडीटी कीटक मारतं हे स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांना 1939 मध्ये कळलं आणि 1948 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्याच दशकात बीएचसी आलं. आपल्याकडे जुनी माणसं त्याला ‘गॅमॅक्सीन’ म्हणतात. माझी आजी सांगते, ढेकणांसाठी आणलेली पूड उरली की ती गोठ्यात आणि कुत्र्याच्या अंगावरही भुरभुरायची. दुसऱ्या दिवशी गोचिडी गळून पडलेल्या, सगळे खूश.

संशोधक म्हणून इथे थांबा. यश मोजलं गेलं ते एकाच आकड्यात, किती कीटक मेले. तो रेणू नंतर कुठे जातो, हे मोजायला बराच वेळ गेला. तो चरबीत साठतो, मातीत वर्षानुवर्षं राहतो, अन्नसाखळीत वर चढतो. रेचल कार्सन यांचं ‘सायलेंट स्प्रिंग’ 1962 मध्ये आलं आणि अमेरिकेत डीडीटीच्या वापरावर 1972 मध्ये बंदी आली. भारतात बीएचसीवर बंदी यायला 1997 उजाडलं. कार्सन यांनी कीटकनाशकं कधीच वापरू नयेत असं म्हटलेलं नाही. त्यांचा आक्षेप परिणाम न तपासता केलेल्या सरसकट वापराला होता. आपण मात्र त्यातून ‘केमिकल म्हणजे वाईट’ एवढंच उचललं. मीही तेच उचललं होतं.

थेंब, गोळी आणि नदी

1990 च्या दशकात फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिडचे थेंब आले. महिन्यातून एकदा मानेवर टाकले की झालं. 2013-14 मध्ये अमेरिकेत आयसॉक्झाझोलिन गटातल्या चघळायच्या गोळ्यांना मंजुरी मिळाली. हे औषध कुत्र्याच्या रक्तात असतं, गोचीड चावली की तिच्या पोटात जातं आणि ती मरते.

तक्रारी दोन्हींबद्दल आल्या. 2008 या एका वर्षात अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे पिसवा-गोचिडींच्या औषधांबद्दल सुमारे 44,000 तक्रारी पोहोचल्या. आकडा मोठा वाटतो ना? पण विचारा, एकूण किती डोस दिले गेले? त्यातल्या किती तक्रारी खरंच औषधामुळे होत्या? अंश दिसतो, छेद दिसत नाही. तरीही आकडा निरुपयोगी ठरत नाही. छाननीत पुढे आलं की लहान जातीच्या कुत्र्यांना त्रास जास्त झाला होता, आणि काही ठिकाणी कुत्र्याचं औषध मांजरावर वापरलं गेलं होतं. चघळायच्या गोळ्यांबद्दल 2018 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला, की काही कुत्र्यांत थरथर, तोल जाणं, झटके येणं असे परिणाम दिसलेत. गोळ्या बाजारात राहिल्या. पण ज्या कुत्र्याला आधी झटके आलेत, त्याच्या बाबतीत डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ती देऊ नये, हे त्यातून शिकायचं.

आणि नदी? ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या 20 नद्यांच्या पाण्याच्या 2016 ते 2018 मधल्या नोंदी पाहिल्या. 98 टक्के नमुन्यांत फिप्रोनिल सापडलं. तिथल्या शेतीत तर ते जवळपास वापरलंच जात नव्हतं. मग आलं कुठून? संशय गेला तो आंघोळ घातलेल्या, पाण्यात डुंबलेल्या कुत्र्या-मांजरांवर. एका कुत्र्यावरचे चार थेंब क्षुल्लक, लाखो कुत्र्यांवरचे नाहीत. आजीच्या डब्याची गोष्ट वेगळ्या रूपात परत आली होती.

मग पर्यायांचं काय?

कडुनिंबात दम नक्की आहे. त्यातलं अझाडिरॅक्टिन 1968 मध्ये वेगळं केलं गेलं. ते कीटकाची भूक मारतं आणि कात टाकण्यात बिघाड करतं. पण पाहा, ते हळू काम करतं आणि उन्हात टिकत नाही. आपल्याकडच्या कितीतरी प्रबंधांत गोचीड अर्कात बुडवून किती मेल्या ते मोजलेलं असतं. काचेच्या बशीतला तो निकाल चालत्याफिरत्या, पावसात भिजणाऱ्या कुत्र्यावर लागू होईलच असं नाही. आणि गोचीड तापाचे जंतू चाव्यानंतर काही तासांतच कुत्र्याच्या अंगात जाऊ शकतात. हळू मरणारी गोचीड तोवर आपलं काम करून गेलेली असते. माझ्या सल्ल्यातली चूक नेमकी इथे होती.

काही घरगुती उपाय तर उलटतात. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. लसूण खाऊ घालायचा सल्ला सर्रास दिला जातो, पण लसणातले गंधकाचे पदार्थ कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. बॅबेसिया हा गोचिडींतूनच येणारा जंतूही तांबड्या पेशीच फोडतो. त्याची एक जात, बॅबेसिया गिब्सोनी, पहिल्यांदा नोंदली गेली तीच 1910 मध्ये मद्रासच्या शिकारी कुत्र्यांमध्ये. म्हणजे हा आजार आपल्या भागातलाच, आणि त्यात लसूण म्हणजे आगीत तेल.

खरा दमदार पर्याय वेगळाच आहे, आणि तो बाटलीत मिळत नाही. तपकिरी गोचीड आयुष्यातला बहुतेक काळ कुत्र्याच्या अंगावर नसतेच. रक्त पिऊन ती खाली पडते, भिंतीच्या फटीत शिरते आणि हजारो अंडी घालते. पिसवांचंही तेच. प्रौढ पिसवा एकूण संख्येच्या जेमतेम 5 टक्के, बाकी अंडी, अळ्या, कोष अंथरुणात आणि कोपऱ्यात. म्हणून फटी बुजवणं, पोतं गरम पाण्यात धुणं, रोज हाताने अंग चाचपणं याला पर्याय नाही. पण एकट्या याने एर्लिकियाचा धोका टळत नाही, हेही तितकंच खरं.

प्रश्न बदला

तर मित्रांनो, ‘केमिकल की नैसर्गिक’ हा प्रश्नच चुकीचा होता. शंभर वर्षांचा इतिहास पाहिल्यावर मी तो मोडून पाच प्रश्न केले. हे कशाला मारतं आणि किती वेळात? काम झाल्यावर जातं कुठे? या जनावराला, या वयात, या वजनात काय त्रास होऊ शकतो? काहीच केलं नाही तर इथे, या गावात काय होईल? आणि हे सगळं कोणी, कशावर मोजलंय?

चौथा प्रश्न विसरू नका. इंग्लंडमधल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, अंगावर पिसू नसलेल्या कुत्र्याला बारा महिने थेंब टाकायचे का, याचं उत्तर आणि आमच्या अंगणातल्या बंड्यासाठीचं उत्तर एक असू शकत नाही. तुमच्या सिनॉप्सिसमध्येही बघा, दोन शब्दांच्या मध्ये ‘की’ टाकून प्रश्न उभा केलाय का. केला असेल तर आधी तो ‘की’ काढा.

आता बंड्याला डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेली गोळी वेळच्या वेळी मिळते. बाबांनी त्याच्या कोपऱ्यातल्या भिंतीच्या फटी सिमेंटने बुजवल्यात. करंजाचं तेल अजून फडताळात आहे. परवा बाबांनी विचारलं, “हे टाकून देऊ का?” म्हटलं, राहू द्या, बैलगाडीच्या चाकाला होईल.