दिल्लीची कावीळ, पुण्याची प्रयोगशाळा (थ्रेड)

१९५५ च्या पावसाळ्याअखेर यमुनेला पूर आला. पूर ओसरताना नदीचा प्रवाह सरकला आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी वझिराबादच्या पाणी उपसा केंद्राकडे पसरले. अधिकाऱ्यांनी तुरटी आणि क्लोरीनची मात्रा वाढवली. विषमज्वराची साथ उसळली नाही. जिवाणूंचा बंदोबस्त झाला होता. विषाणू मात्र तगला. महिनाभराने दिल्लीत घरोघरी डोळे पिवळे पडू लागले. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली.

एकूण रुग्णांत मृत्यू थोडे होते. गरोदर स्त्रियांत मात्र दर दहा रुग्णांमागे जवळपास एक दगावली.

दूषित पाण्यातून आलेली कावीळ म्हणजे आज ज्याला हिपॅटायटिस ए म्हणतात तीच, असे पुढे दोन दशके गृहीत धरले गेले. खरे तर शंकेला जागा होती. भारतात 'ए'ची बाधा बहुतेकांना बालपणीच होऊन जाते व आयुष्यभर पुरणारी प्रतिकारशक्ती मिळते. मग दिल्लीत धडधाकट प्रौढ कसे आजारी पडले? प्रश्न रास्त होता, पण तो सोडवणारी चाचणीच नव्हती. 'ए'चा विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला तो १९७३ मध्ये.

पुण्यात १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहकार्याने विषाणू संशोधन केंद्र उभे राहिले. तेच १९७८ मध्ये राष्ट्रीय विषाणू संस्था झाले. तेव्हा खोर्शेद पावरी संचालक होत्या. त्यांनी व एम. ए. श्रीनिवासन यांनी अमेरिकेतील वाँग आणि पर्सेल यांच्यासह जुन्या साथींचे जपून ठेवलेले रक्तद्रव तपासले. त्यांत दिल्लीचेही नमुने होते.

युक्तिवाद साधा होता. ताज्या संसर्गात आयजीएम नावाची प्रतिपिंडे दिसतात, जुन्या संसर्गाची प्रतिपिंडे वेगळी असतात. या रुग्णांत 'ए'ची जुनी खूण होती, ताजी नव्हती. 'बी'नेही साथीचा उलगडा होईना. म्हणजे तिसराच कोणी! १९८० मध्ये हा निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मोहम्मद सुलतान खुरू यांनी काश्मीरमधील साथीवरून स्वतंत्रपणे तेच सांगितले. पाठ्यपुस्तकांत पुण्याचा उल्लेख त्रोटक असतो, हे खटकते.

पुढे मॉस्कोच्या मिखाईल बालायान यांनी रुग्णांच्या विष्ठेतून तयार केलेला द्राव स्वतः प्राशन केला, आजारी पडले आणि स्वतःच्याच विष्ठेत विषाणूकण पाहिले. 'ए'ची बाधा त्यांना आधीच होऊन गेली होती, म्हणूनच प्रयोगाला अर्थ होता. १९९० मध्ये जनुकीय ओळख पटली, 'हिपॅटायटिस ई' हे नाव रूढ झाले आणि अखेर थेट चाचणी हाती आली.

मग पुण्यातच विद्या अरणकल्ले व सहकाऱ्यांनी भारतातील १७ साथींचे नमुने तपासले. १९९४ च्या त्यांच्या निबंधानुसार १६ साथी 'ई'च्या निघाल्या. सतरावी 'ए'चीही नव्हती आणि 'ई'चीही नव्हती.